प्रवाळाचा ताप मोजणारी माणसं

तारकर्लीला जाऊन स्कूबा केलेलं कुणीतरी तुमच्या ग्रुपमध्ये असणारच. पाण्याखालचा फोटो, आजूबाजूला मासे आणि मागे दगडासारखं काहीतरी. ते दगडासारखं दिसतं ना, तो बऱ्याचदा जिवंत प्राणी असतो. प्रवाळ, म्हणजेच कोरल. आजची गोष्ट त्याचा ताप मोजणाऱ्या माणसांची.

आधी थोडं विज्ञान. प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. म्हणजे घरातला भाडेकरूच मालकाचा स्वयंपाक करतो म्हणा ना! प्रवाळाचा रंगही बराचसा या शैवालामुळेच. पण पाणी फार तापलं की हे जमेनासं होतं. शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढराफटक होतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरा झाला म्हणजे लगेच मेला असं नाही. पाणी लवकर निवलं तर तो सावरतो. नाही निवलं, तर उपासमारीनं मरतो.

हे कळलं कसं? त्यासाठी १९२८ मध्ये जाऊ. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर लो आयल्स नावाची दोन इवलीशी बेटं आहेत. तिथं ब्रिटनहून शास्त्रज्ञांची एक तुकडी येऊन राहिली. प्रमुख होते मॉरिस याँग, वय फक्त २८! त्यांची पत्नी मॅटी तुकडीची डॉक्टर. शीना मार्शल, सिडनी मँटन अशा स्त्री शास्त्रज्ञही त्यात होत्या, आणि तेही १९२८-२९ मध्ये. जवळपास वर्षभर ही मंडळी पाण्याचं तापमान, क्षार, प्लवक यांच्या नोंदी घेत राहिली. याँग आणि त्यांचे सहकारी निकोल्स यांनी प्रवाळ अंधारात कोंडून पाहिले, गरम पाण्यात ठेवून पाहिले. दोन्ही वेळा शैवाल बाहेर पडलं. ऊन आणि उष्णता, प्रवाळाच्या जिवाची दोन्ही सूत्रं तेव्हाच हाताला लागली होती.

पण हे झालं प्रयोगातलं. अख्खा समुद्रच तापला तर काय होतं, हे १९८२-८३ च्या एल निनोनं दाखवलं. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर मैलोन्‌मैल प्रवाळ पांढरे पडून मेले. पीटर ग्लिन या शास्त्रज्ञानं ते नोंदवलं. मग प्रश्न आला, एवढ्या मोठ्या समुद्रात थर्मामीटर घेऊन फिरणार कोण?

उत्तर वरून आलं, उपग्रहातून. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं तापलेल्या समुद्राचे नकाशे काढायला सुरुवात केली. त्यांचा हिशोब उधारीच्या वहीसारखा आहे. प्रत्येक ठिकाणी वर्षातल्या सगळ्यात उष्ण महिन्याचं सरासरी तापमान धरायचं. पाणी त्याच्या १ अंश वर आठवडाभर राहिलं, तर वहीत १ लिहायचा. २ अंश वर राहिलं, तर २. अशी १२ आठवड्यांची बेरीज करायची. ती ४ झाली की ब्लीचिंगची भीती, ८ झाली की प्रवाळ मरायला लागण्याची. म्हणजे एक दिवस कडक तापला म्हणून प्रवाळ जात नाही, साचत गेलेली उष्णता त्याला मारते.

आता उन्हाकडे वळू. समुद्रात उजेड किती खोल जातो हे मोजायची साधी युक्ती १८६५ पासून आहे. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञानं पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडली. ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची, बस्स! तबकडी आजही वापरात आहे. पण प्रवाळासाठी उजेड इतका महत्त्वाचा का? १९९८ मध्ये जगभर ब्लीचिंग झालं, तेव्हा ताहितीच्या आसपासच्या बेटांवर पाणी तापूनही प्रवाळ बरेचसे वाचले. संशोधकांनी कारण शोधलं, तर त्या काळात तिथं आभाळ ढगाळ होतं. तापलेल्या शैवालाला कडक ऊन दुप्पट जाचतं. ढगांनी सावली धरली, एवढंच.

म्हणूनच नुसता उपग्रह पुरत नाही. त्याला पृष्ठभागाचं तापमान कळतं, खालचं नाही. त्यामुळे पाणबुडे प्रवाळांजवळ मुठीएवढी यंत्रं बांधून येतात. ती तापमान आणि उजेड नोंदवत राहतात. गंमत म्हणजे उजेडाच्या यंत्रावरच शेवाळ चढतं. ते वेळच्या वेळी पुसलं नाही, तर नोंद सांगते की ऊन कमी झालं! मग कुणीतरी बुडी मारून ते घासायचं. विज्ञानातलं असं बरंच काम भांडी घासण्यासारखं असतं. त्याचा फोटो कुणी काढत नाही, पण ते अडलं की सगळं अडतं.

आपल्याकडे? हैदराबादची इन्कॉइस ही संस्था २०११ पासून उपग्रहाच्या आधारे ब्लीचिंगचे इशारे देते. लक्षद्वीप, अंदमान, निकोबार, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात या भागांसाठी. आणि मालवण? तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं. तिथं प्रवाळ पांढरे पडल्याचं आणि पर्यटकांच्या पायांनी मोडल्याचंही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवलंय.

या सगळ्या मोजणीचा उपयोग काय? लो आयल्सवर १९२८-२९ मध्ये नोंदी झाल्या, म्हणून २०१९ मध्ये शास्त्रज्ञांना सांगता आलं की ९० वर्षांत तिथली प्रवाळांची विविधता घटली. त्या जुन्या वह्या नसत्या, तर आजची अवस्थाच सगळ्यांना नेहमीची वाटली असती. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. ताप उतरवायचा तर आपल्याला कोळसा आणि तेल जाळणं कमी करावं लागेल, थर्मामीटरनं तो उतरत नाही. पण थर्मामीटरच नसेल, तर आजारी कोण आणि कधीपासून, हेही कळणार नाही.

नोआचे नकाशे फोनवर फुकट दिसतात. पुढच्या वेळी समुद्रावर जाण्याआधी एकदा बघा. आणि पाण्यात उतरलात, तर प्रवाळावर पाय देऊ नका. भेटू पुढच्या भागात!