काळ्या शहरकथेचे कूळ

१९२० साली मेंकेन आणि नेथन या अमेरिकन संपादकांनी ‘ब्लॅक मास्क’ मासिक काढले ते साहित्यसेवेसाठी नव्हे. त्यांच्या प्रतिष्ठित ‘स्मार्ट सेट’चा तोटा भरून काढायला पैसा हवा होता. पाचशे डॉलर घालून सुरू केलेले मासिक आठ अंकांनंतर १२,५०० डॉलरना विकून ते मोकळे झाले. काळ्या शहरकथेचा पाळणा हलला तो मात्र याच स्वस्त कागदावर.

तोवरची खुनाची गोष्ट बहुधा बंद हवेलीत घडे. गुन्हेगार सापडला की घडी पुन्हा बसे. १९२३पासून डॅशिएल हॅमेट ‘ब्लॅक मास्क’मध्ये निनावी, स्थूल, पगारी गुप्तहेराच्या कथा लिहू लागला. तो स्वतः पिंकर्टन एजन्सीत हेरगिरी करून आलेला, मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोत. अमेरिकेतल्या दारूबंदीने चोरट्या दारूचा पैसा पोलीस चौकीपासून नगरपालिकेपर्यंत पोचवला होता. एक खुनी पकडून शहर स्वच्छ होणार नव्हते, हे त्याला कामातूनच कळले होते. मग गुन्ह्याचा माग काढायचा तर कोणत्या रस्त्यावर कोणाचा वट चालतो, हे सांगणे आलेच. १९३३मध्ये तेलकंपनीतली नोकरी गमावलेला रेमंड चँडलर त्याच मासिकात आला आणि त्याने आपल्या कथांसाठी लॉस एंजेलिस घेतले.

या लेखनाला ‘न्वार’, म्हणजे काळे, हे फ्रेंच नाव चिकटले ते पॅरिसमुळे. १९४५मध्ये गालिमार प्रकाशनासाठी मार्सेल द्युआमेलने या धाटणीच्या कथांची ‘सेरी न्वार’ ही काळ्या वेष्टनाची माला सुरू केली.

एका शहराचा कथासंग्रह हा आजचा साचा न्यू यॉर्कच्या अकाशिक बुक्सने रुळवला. २००४च्या ‘ब्रुकलिन न्वार’पासून नियम सोपा: कथा नवी हवी आणि प्रत्येक कथेची वस्ती वेगळी. अनुक्रमणिकाच नकाशा होते. ‘दिल्ली न्वार’ २००९मध्ये आले, तर अल्ताफ टायरवाला यांनी संपादित केलेले ‘मुंबई न्वार’ २०१२मध्ये.

मराठीत मुंबईचा गुन्हा त्याआधीच रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांनी घरोघर नेला होता. पण त्यांचा नायक झुंजार अन्यायाचे पारिपत्य करून वाचकाला निश्चिंत झोपवतो. न्वारला ती सोय नाही. तिथे प्रकरण मिटते, वस्तीतला वट मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहतो.