गाडीवरल्या हवेचा पूर्वेतिहास

भाईंदर पूर्वेचा केबिन रोड पश्चिम रेल्वेच्या सान्निध्यात वसलेला असल्याने, विरारहून चर्चगेटकडे निघालेली लोकल स्थानकात थांबते त्या वेळी तिच्या डब्यांखालून उठणारा हवेचा फुत्कार तेथील रहिवाशांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्या ध्वनीमागे दीडशे वर्षांचा एक हुन्नर उभा आहे याचे स्मरण कोणास क्वचितच होत असेल. चिखलात, वाळूत आणि डोंगरवाटांवर चालविण्यासाठी हौसेने बांधलेल्या गाडीवर आज जी हवेची टाकी आणि जो कॉम्प्रेसर दिसतो, त्यांचे कूळ शोधू लागले असता आपण प्रथम मोटारीकडे न जाता या आगगाडीकडेच येऊन पोचतो.

१८६९ साली अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी दाबलेल्या हवेच्या ब्रेकचे एकस्व मिळविले, तेव्हा इंजिनावरील टाकीतील हवा नळीवाटे डब्याडब्यांत धाडून ब्रेक आवळावयाचे, अशी त्यांची साधी तजवीज होती. परंतु नळी फुटली किंवा डब्यांचा सांधा तुटला म्हणजे ऐन संकटात सारी गाडीच निराधार होई. १८७२ मध्ये त्यांनी ही व्यवस्था मुळापासून उलटी केली. प्रत्येक डब्याखाली स्वतंत्र टाकी ठेवून, मुख्य नळीतील दाब कायम असेतो ब्रेक सुटलेले राहावेत आणि दाब ओसरताच ते आपोआप आवळले जावेत, अशी रचना त्यांनी केली. बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, हे तत्त्व यंत्रात इतक्या निर्मळपणे उतरविल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि मला तर वेस्टिंगहाउस यांच्या साऱ्या कामगिरीत हीच श्रेष्ठ वाटते. आपल्या देशातील मालगाड्या मात्र दीर्घकाळ निर्वात ब्रेकवरच चालल्या. त्यात वातावरणाच्या दाबापलीकडे बळ मिळत नसे, आणि ही मर्यादा ओलांडण्यासाठी रेल्वेला हवेच्या ब्रेककडे वळावे लागले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही विद्या रेल्वेच्या रुळांवरून सडकेवर उतरली. अवजड मालमोटारींना हवेचे ब्रेक आले, आणि एकदा इंजिनाशी कॉम्प्रेसर व चासीशी टाकी जडल्यावर त्याच टाकीला नळी जोडून क्लीनरने वाटेत चाकांत हवा मारून घ्यावी, ही सोय ओघानेच उत्पन्न झाली. परंतु सडक सोडून चालणाऱ्या वाहनास हवा केवळ भरावयाची नसते. ती प्रथम सोडावयाची असते. चाकातील दाब उतरविला म्हणजे टायरचा भूमीस टेकणारा भाग लांबतो, तेच वजन अधिक क्षेत्रावर वाटले जाते, आणि जी वाळू क्षणापूर्वी चाक गिळू पाहत होती तीच त्यास तोलून धरते. मात्र त्याच मऊ चाकांनी सडकेवर वेगाने धावू लागल्यास टायर तापून फाटतो, आणि दाब फार उतरविल्यास वळणावर तो रिमवरून निसटतो. म्हणूनच हवा पुन्हा भरण्याचे साधन गाडीवर असणे निकडीचे ठरते.

या निकडीला पूर्ण उत्तर दिले ते दुसऱ्या महायुद्धाने. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९४२ साली तयार केलेली ‘डक’ ही सहाचाकी गाडी समुद्रातून पोहत येऊन थेट पुळणीवर चढे. पाण्यातून बाहेर पडताना चाके मऊ आणि पक्क्या रस्त्यास लागताच ती टणक असावीत, यासाठी फ्रँक स्पीअर या अभियंत्याने चालकाच्या बैठकीवरूनच टायरांचा दाब कमीअधिक करण्याची योजना आखली; फिरत्या चाकात स्थिर नळीतून हवा पोचविणे हा त्यातील खरा कूटप्रश्न होता. अशा एकवीस हजारांवर गाड्या बांधल्या गेल्या, आणि १९४३ च्या सिसिलीच्या व १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईत त्यांनी किनाऱ्यावर रसद उतरविली.

महाराष्ट्रात या विद्येचे धागे वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. पुण्यास १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी स्थापन होऊन कॉम्प्रेसर येथेच घडू लागले, आणि तेव्हाच्या अहमदनगरमधील वाहन संशोधन व विकास संस्थेने लष्करी वाहनांचा शास्त्रीय अभ्यास चालविला. मुंबईत, १९४५ साली सुरू झालेल्या आणि १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा हे नाव धारण केलेल्या कंपनीने विलिस जीप जोडण्यास आरंभ केला, व या मुलखातील रानावनांत फिरणाऱ्या वाहनाचे रूप पुढील कैक दशके त्याच गाडीने ठरविले. जीपचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालत. सबब तिला जन्मतः हवा नव्हती. मालमोटारीला हवा होती, पण जीपची चपळाई नव्हती. हौशी माणूस मिस्त्रीच्या साहाय्याने आपली गाडी बांधावयास घेतो, तेव्हा तो वस्तुतः या दोन कुळांची सोयरीक घडवीत असतो.

ही सोयरीक जमविणारा मिस्त्री ग्रंथांतून शिकलेला नसतो. जुन्या वातानुकूलन यंत्राचा पिस्टनवाला कॉम्प्रेसर पट्ट्याने इंजिनास जोडणे, टाकी चासीला अशा जागी बांधणे की दगडाचा आघात तिला पोचू नये, तळाशी साचणारे पाणी काढण्यास तोटी ठेवणे आणि दाब हद्दीबाहेर जाताच उघडणारा सुरक्षा-व्हॉल्व्ह बसविणे, ही सारी कामे तो हाताने जाणतो. पण त्याच्या ज्ञानाचे दप्तर कोणी राखलेले नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

या हौसेला कायद्याची चौकट आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ नोंदणीपुस्तकातील तपशिलास व निर्मात्याच्या मूळ रचनेस विसंगत बदलांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत या कलमाचा काटेकोर अर्थ उचलून धरला आहे; म्हणून गाडी बांधण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हेच शहाणपणाचे. भाईंदरजवळच्या उत्तन व चौक येथील किनारा हा तर मासे सुकविणाऱ्या कोळी कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग आहे. मऊ चाकांची परीक्षा पाहण्याचे ते मैदान नव्हे.

जे गृहस्थ हवेचे ब्रेक असलेल्या मालमोटारीवर अशी गाडी उभारू इच्छितात, त्यांना एक कळकळीची विनंती आहे. चाके भरण्यासाठी, भोंग्यासाठी वा अन्य हौसेसाठी हवा घ्यावयाची ती ब्रेकच्या टाकीतून थेट न घेता, दाब ठराविक पातळीखाली जाताच बाजूची वाट बंद करणारा संरक्षक व्हॉल्व्ह मध्ये बसवून निराळ्या टाकीत घ्यावी. गाडीवरल्या हवेवर पहिला हक्क ब्रेकचा आहे.