हिमावरचे चाक : एका छोट्या चिन्हाचा इतिहास (धागा)

१/ एसयूव्हीच्या टायरची बाजू निरखून पाहिली, तर आकड्यांच्या गर्दीत 'एम प्लस एस' ही अक्षरे बरेचदा आढळतात. चिखल आणि हिम, असा त्यांचा अर्थ. काही टायरांवर त्यांच्या शेजारी आणखी एक चिन्ह असते : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. दोन्ही खुणा हिवाळ्याविषयीच बोलतात. परंतु पहिली हा निर्मात्याचा दावा आहे आणि दुसरी चाचणीचा निकाल. पहिल्या हिवाळी टायरपासून या दुसऱ्या चिन्हापर्यंत पोहोचायला ६५ वर्षे लागली.

२/ रबराचे आणि थंडीचे वैर मोटारीपेक्षाही जुने. १८३० च्या दशकात अमेरिकेत रबरी वस्तूंची लाट आली आणि तितक्याच वेगाने ओसरली. कारण उन्हाळ्यात त्या चिकट होऊन विरघळत आणि हिवाळ्यात ताठ होत. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णता यांच्या योगे रबराला स्थैर्य दिले. वैर मात्र पुरते मिटले नाही. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, आणि कडक रबराची रस्त्यावरची पकड सुटते. नक्षी कितीही खोल असो.

३/ पुढचा अंक फिनलंडचा. नोकिया या गावातील रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी 'केलिरेंगास' हा टायर काढला. हिवाळ्यासाठीच घडवलेला हा जगातील पहिला टायर मानला जातो. आडव्या, जाड पट्ट्या भुसभुशीत हिमात रुतत आणि चाकाला पुढे रेटत. (होय, नोकिया तेच. फोनमुळे जगभर पोहोचलेल्या कंपनीच्या पूर्वजांत हा रबर कारखानाही होता. १९६७ मध्ये त्यांचे विलीनीकरण झाले.)

४/ १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी टायर आला आणि त्याला नाव मिळाले 'हाक्कापेलिटा'. हे नाव तीस वर्षांच्या युद्धातील फिनिश घोडदळाचे. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडोल्फ १६३० मध्ये, म्हणजे शिवजन्माच्याच वर्षी, जर्मन भूमीवर उतरला, तेव्हा हे हलके घोडेस्वार त्याच्या सैन्यात होते. 'हाका पाल्ले', म्हणजे 'तुटून पडा', या अर्थाच्या त्यांच्या रणघोषावरून त्यांना हे नाव पडले. टायरला घोडदळाचे नाव देणाऱ्याला विक्रीची जाण नक्कीच होती.

५/ खोल खाचांमागचे गमक समजून घेण्याजोगे आहे. हिमावर रबर थेट पकड घेते ती थोडीच. खाचांत दाबून बसलेले हिम रस्त्यावरच्या हिमाला धरते, आणि हिमाला हिम चांगले चिकटते. म्हणून खाचा पूर्ण स्वच्छ राहणे हा हिमावर गुण ठरत नाही. चिखलात नेमके उलटे : तिथे खाचांनी चिखल झटकून टाकला पाहिजे. एकाच नक्षीकडून दोन्ही कामांची अपेक्षा करणारी 'एम प्लस एस' ही जोडी मुळातच तडजोडीची.

६/ आणि घट्ट, काचेसारखा बर्फ? त्याच्यावर पाण्याचा सूक्ष्म पापुद्रा असतो आणि मोठे ठोकळे त्यावरून सरळ घसरतात. तिथे लागतात ठोकळ्यांतले सुरीने दिल्यासारखे बारीक काप आणि थंडीतही मऊ राहणारे रबर. नाहीतर लोखंड.

७/ लोखंडाचा मार्ग १९६० च्या दशकात थंड प्रदेशांत झपाट्याने पसरला. टायरमध्ये ठोकलेले धातूचे खिळे बर्फ फोडत. पण बर्फ नसलेल्या रस्त्यावर तेच खिळे रस्ता कुरतडत. मिनेसोटा राज्याने १९७१ मध्ये आणि पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली.

८/ सर्वांत तीव्र संघर्ष जपानमधील सेंदाई शहरात झाला. तिथले हिम पडते आणि लवकर वितळते. त्यामुळे खिळ्यांची चाके बराच काळ उघड्या डांबरावरच धावत. १९८० च्या दशकात हिवाळ्यात शहरावर डांबराच्या धुळीचा थर बसू लागला. ही धूळ श्वासावाटे आत जात होती. बर्फावर घसरून होणारे अपघात टाळण्यासाठी साऱ्या शहराने धूळ प्यावी का, असा तो पेच होता आणि दोन्ही बाजूंना माणसांचे जीव होते. नागरिकांच्या रेट्यामुळे अखेर १९९० मध्ये जपानच्या संसदेने अशा टायरांना आळा घालणारा कायदा केला.

९/ कायदा शक्य झाला, कारण पर्याय दृष्टिपथात होता. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये 'ब्लिझॅक' आणला. त्याच्या रबरात सूक्ष्म छिद्रे होती. ती बर्फावरचा पाण्याचा पापुद्रा शोषून घेत. झगडा खिळ्यांकडून रसायनशास्त्राकडे वळला. हिवाळी टायरच्या साऱ्या इतिहासात याहून मोठे वळण दुसरे नाही.

१०/ याच सुमारास एसयूव्हीचा काळ सुरू झाला आणि तिच्यासोबत 'ऑल-टेरेन' टायरही घरोघरी आले. त्यांचे कूळ हिमाचे नाही. बीएफगुडरिचने १९७६ मध्ये पहिला रेडियल ऑल-टेरेन टायर काढला, आणि त्याची कीर्ती झाली ती मेक्सिकोतील बाहा वाळवंटाच्या शर्यतीत. अणकुचीदार खडक आणि तापलेली वाळू सोसायला रबर चिवट हवे. बर्फावर नेमके मऊ हवे. रांगडी, खोल नक्षी पाहून ग्राहक मात्र हिमाचाही भरवसा धरत असे.

११/ त्या भरवशाला 'एम प्लस एस'ने खतपाणी घातले. अमेरिकन व्याख्येनुसार नक्षीत सुमारे २५ टक्के पोकळ जागा आणि कडेपासून आत येणाऱ्या खाचा असल्या की ही अक्षरे उमटवता येत. हिमावर एकदाही न चालवलेला टायर या कसोटीत उत्तीर्ण होऊ शकत असे. भूमितीचा दाखला हिवाळ्याचा दाखला म्हणून विकला गेला, असे म्हणणे कठोर आहे, पण अन्यायाचे नाही.

१२/ १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील रबर उद्योगाच्या संघटनांनी डोंगर-हिमकणाचे चिन्ह आणले. ठरावीक प्रमाण टायरची पकड १०० मानायची. मध्यम दाबलेल्या हिमावर नव्या टायरने किमान ११० गाठले, तरच चिन्ह. क्यूबेक प्रांताने २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले, आणि १५ डिसेंबर २०१४ पासून तिथे खिळ्यांचे टायर वगळता केवळ हेच चिन्ह ग्राह्य धरले जाऊ लागले. जर्मनीतही 'एम प्लस एस'ची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. आज अनेक ऑल-टेरेन टायरांवर हे चिन्ह दिसते. २०१४ मध्ये आलेला 'केओ२' हे त्यांतले ठळक उदाहरण.

१३/ तरीही चिन्हाची मर्यादा ओळखून असावे. मूळ अमेरिकन चाचणीत हिमावर वेग घेताना मिळणारी ओढ मोजली जाते. घट्ट बर्फ तिच्यात नाही, वळणही नाही. चारही चाकांना जोर देणारी गाडी हिमातून सहज निघते आणि चालकाला वाटते, रस्ता बरा आहे. थांबण्याची वेळ येते तेव्हा तो जोर निरुपयोगी असतो. उरतात ते तळहाताएवढे चार रबरी तुकडे आणि त्यांच्यावर लोटणारे दोन टनांचे ओझे. कडाक्याच्या थंडीत, बर्फाळ घाटरस्त्यांवर रोज ये-जा असेल, तर चिन्हधारी ऑल-टेरेनपेक्षा खास हिवाळी टायरच सरस. हिम क्वचित आणि कच्चे रस्ते नित्याचे असतील, तर ऑल-टेरेन शोभतो. चिन्ह मात्र त्यावर असावेच.

१४/ भारतात हिवाळी टायरची सक्ती नाही. मनालीच्या वर हिम पडले, की पोलीस बहुधा फोर-व्हील ड्राइव्ह किंवा चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांनाच सोलंगच्या पुढे सोडतात. पुण्या-मुंबईहून तिथवर गेलेल्या गाड्यांच्या टायरांवर 'एम प्लस एस' अनेकदा असते. डोंगर-हिमकण क्वचितच.