एका बैठकीचा हिशेब

कोपर स्टेशनबाहेरच्या गाडीवरून अर्धा किलो द्राक्षं घेतली, की घरी पोचेपर्यंत एक घड पोराच्या पोटात गेलेला असतो. त्या एका घडातून फवारणीच्या औषधाचा किती अंश पोटात गेला तर चालेल, त्याला शास्त्रात 'तीव्र संदर्भ मात्रा' म्हणतात. हे नाव मला खटकतं. मात्राच जहाल असावी असं वाटतं. अर्थ एवढाच, की एका जेवणात किंवा एका दिवसात पोटात गेली तरी अपाय करणार नाही अशी मात्रा. मी तिला 'एका बैठकीची मर्यादा' म्हणतो.

जन्मभर रोज खाल्लं तरी चालेल ती मर्यादा 1961च्या सुमारास आली. ही धाकटी यायला 1990चं दशक निम्मं उलटावं लागलं. ते का?

एक उत्तर ब्रिटनच्या गाजरांचं. तपासणीत बरीच गाजरं एकत्र वाटून सरासरी काढत. एकेक गाजर वेगळं तपासलं, तेव्हा एखाद्यात सरासरीच्या पंचवीसपट अंश निघाला. 1995 साली सरकारनं सांगितलं, गाजराचा देठाकडचा भाग कापा, साल काढा. काळ अगदी जुळतो.

तरी मी कलिंगडाच्या बाजूचा. जुलै 1985मध्ये कॅलिफोर्नियात अल्डिकार्ब मुरलेली कलिंगडं खाऊन हजारावर माणसं आजारी पडली. हे कार्बामेट कुळातलं विष. नसांचा निरोप पुसणारं विकर ते अडवून धरतं. उलट्या, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या. काही तासांत पकड सुटते. जन्मभराच्या सरासरीत अशी दुपार दिसतच नाही. प्रश्न कलिंगडानं विचारला, सरासरीला किती पटीनं गुणायचं हे गाजरानं शिकवलं. मधली दहा वर्षं मला अडचणीची वाटत नाहीत. दुखण्याचं सूत्र व्हायला तेवढा काळ लागतोच.

आणि 2003 साली आपली निर्यातीची द्राक्षं नेदरलँड्समध्ये अडकली ती मेथोमिलमुळे. तेही कार्बामेटच, अल्डिकार्बचं भाऊबंद! अडवणारा आकडा मालातल्या कमाल अंशाचा होता, बैठकीच्या मर्यादेचा नव्हे, हे खरं. पण त्यानंतर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे अंशतपासणीची मोठी जबाबदारी आली.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी 2001 साली मेथोमिलची बैठकीची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलोमागे 0.02 मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या पोराला 0.3. त्यानं 200 ग्रॅमचा घड संपवला, तर द्राक्षात किलोमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालेल. पुढे युरोपच्या तज्ज्ञांनी तो आकडा 0.0025वर आणला. तेच पोर, तोच घड. आता किलोमागे 0.19च्या आत.