गर्दी कुणाच्या मागे जाते?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मॅसिलन नावाचं एक छोटं शहर आहे. तिथं मुलगा जन्मला की दवाखान्यातच त्याला भेट म्हणून छोटा फुटबॉल देतात. शेजारच्या कँटन शहरातल्या मॅकिन्ली हायस्कूलशी मॅसिलनच्या शाळेची लढत १८९४ पासून चालत आलेली. दोन्ही बाजूंना शाळकरी पोरं, पण मॅसिलनच्या शाळेचं १९३९ साली बांधलेलं मैदान सोळा हजारांवर माणसं पोटात घेतं. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबुळका चेंडू हातात घेऊन, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून, समोरच्याला धडका देत पुढं सरकण्याचा हा खेळ.

शाळा-कॉलेजच्या पोरांमागं अख्खं गाव का लोटतं, याचं उत्तर खेळाच्या जन्मकथेत सापडतं. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांनी पंचवीस-पंचवीस गडी उतरवून सामना खेळला, तो रटगर्सनं ६-४ असा जिंकला. पुढं येलच्या वॉल्टर कॅम्पनं गडी अकरावर आणले आणि ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापायचा नियम रुजवला. खेळ रांगडा होता. १९०५ साली मैदानात इतकी मुलं दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी चेंडू पुढं फेकायला परवानगी मिळाली. आजची एनएफएल ही व्यावसायिक लीग मात्र १९२० ची. म्हणजे पैसेवाले संघ आले तेव्हा गर्दीची मनं कॉलेजांनी कधीच बांधून घेतली होती.

या कथेत एक कोल्हापूरकरही डोकावतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला आणि १८८६ साली प्रिन्स्टनमधून पदवी घेऊन बाहेर पडला. कॅम्पचे नियम बसत होते ती हीच वर्षं. हा रॉबर्ट नंतर भारतात आला तो विद्यार्थ्यांमध्ये धर्मकार्य करायला. अमेरिकन मंडळींबरोबर आपल्याकडं रुजला तो दुसराच खेळ, व्हॉलीबॉल. १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन यांनी तो काढला आणि त्याच संस्थेमार्फत तो आशियात पसरला. एक जाळी, एक चेंडू, दोन खांब. खेड्यातल्या शाळेला एवढं परवडतं. अकरा हेल्मेटं परवडत नाहीत.

प्रेक्षकाचं घडणंही इथं वेगळ्या वाटेनं झालं. हार्वर्डचं काँक्रीटचं स्टेडियम १९०३ चं, येलचं १९१४ चं. या दोहोंच्या मध्ये, १९१२ साली, कोल्हापुरात शाहू महाराजांचं खासबाग मैदान पुरं झालं. तिकडं विद्यार्थ्यांच्या खेळासाठी बांधकामं उठत होती, इकडं पैलवानांसाठी. संस्थानाचा पैसा आणि जिव्हाळा तालमीकडं गेला. पेठेपेठेत तालीम, तालमीभोवती गल्लीचा अभिमान. आपल्या ओळखीचा फुटबॉल आला तेव्हा त्याला हीच घरं तयार मिळाली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं आज फुटबॉल संघांची वाटतात, पण मुळात त्या तालमी. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली आणि पुढं शाहू स्टेडियमवर पेठा एकमेकींना भिडू लागल्या.

शाळा यात नव्हत्या असं नाही. महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळेतून कितीतरी पाय घडले. १९६० साली सुरू झालेल्या सुब्रतो चषकाची ओढ शाळकरी पोरांना आजही असते. पण शाळेच्या जर्सीतल्या पोराला बघायला मित्र आणि क्रीडाशिक्षक येतात. तोच पोरगा तालमीच्या जर्सीत उतरला की स्टेडियम भरतं.

आता गारगोटी. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवरचं हे वेदगंगेकाठचं गाव खरं तर अमेरिकेतल्या कॉलेजगावाच्या साच्यात अगदी बसतं. १३ डिसेंबर १९४२ ला कचेरीवर चालून गेलेल्या तरुणांपैकी सात जण हुतात्मा झाले, तेव्हा गारगोटीचं नाव महाराष्ट्राला कळलं. दहा वर्षांनी, १९५२ मध्ये, डॉ. जे. पी. नाईक यांनी इथं मौनी विद्यापीठ उभं केलं. पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव, खेड्यातल्या पोरांसाठी शिक्षण, शेती आणि अंगमेहनत एकत्र आणण्याची कल्पना. पुढं रूरल इन्स्टिट्यूट आली, कर्मवीर हिरे महाविद्यालय आलं. भुदरगड तालुक्याची ओळखच शिक्षणसंस्थेनं घडवली, असं गाव जिल्ह्यात दुसरं दाखवणं कठीण.

मग कॉलेजच्या संघामागं गाव का लोटलं नाही? एक कारण वेळापत्रकाचं आहे. इथलं कॉलेज ज्या शिवाजी विद्यापीठात येतं, ते १९६२ साली स्थापन झालं. त्याच्या झोनल आणि इंटरझोनल स्पर्धा परीक्षांच्या फटीत, कामाच्या वारी, भर दिवसा उरकल्या जातात. नोकरदार आणि शेतकरी तेव्हा येणार कुठून? अमेरिकेत नेमकं उलट. तिथं १९६१ च्या एका कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्तीनं हंगामातल्या शुक्रवारच्या संध्याकाळी आणि शनिवारी, शाळा-कॉलेजचा सामना असेल त्या परिसरात व्यावसायिक सामन्यांच्या प्रक्षेपणाला आडकाठी घातली. शुक्रवार हायस्कूलचा, शनिवार कॉलेजचा, रविवार पैसेवाल्यांचा. सरकारच जिथं शाळेच्या सामन्याला वार राखून देतं, तिथं गर्दी होणारच. आपल्याकडं असा राखीव दिवस जत्रेच्या कुस्त्यांना मिळाला, आणि भुदरगडचा माणूस त्या फडाला न चुकता जातो.

अस्सल अमेरिकन फुटबॉल भारतात आणायचा प्रयत्नही झाला. २०१२ साली एलिट फुटबॉल लीगमध्ये ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. त्या लीगनं शहरं निवडली, नावं ठेवली, सामने थेट कोलंबोत खेळवले. पाठीशी ना शाळा, ना पेठ. बाळसं धरलं नाही यात नवल काय?

पैसा मात्र दोन्हीकडं पोचला. अमेरिकेत जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीची कमाई करता येते, आणि जुने चाहते कुरकुरतात की पोरं आता कॉलेजची राहिली नाहीत. कोल्हापूरच्या तालमींनी बाहेरगावचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू आणले, तेव्हा कट्ट्यावर हीच कुरकुर झाली: पेठेच्या पोराला जागा किती उरली? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा मात्र सगळ्या पेठांनी त्याला आपला म्हटलं. तो घडला होता पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. गारगोटीच्या पोराला मात्र फुटबॉलच्या मोठ्या गर्दीसमोर उतरायचं तर अजूनही कोल्हापूरची एसटी धरावी लागते आणि तिथं कुठल्या तरी पेठेचं व्हावं लागतं.