आगबोटीवरील वेषनियम आणि सोलापूरची टोपी

पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर पहिल्या वर्गातील प्रवाशांनी रात्रीच्या भोजनास ठराविक काळा पोशाख करून यावे, अशी रूढी होती. हा नियम कायद्याचा नव्हता. तो मोडणाऱ्यास सहप्रवाशांची नापसंती तेवढी सोसावी लागे. परंतु वेषावरून माणसाची पायरी ठरविणारी हीच वृत्ती सत्तेच्या हाती गेली म्हणजे काय होते, ते सोलापूरने अनुभवले. १९३० च्या मे महिन्यात या गिरण्यांच्या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि खादीची साधी टोपी बंडखोरीचे चिन्ह ठरली. ती घालणाऱ्याच्या वाट्यास सोजिरांचा धाक आला.

पुढील वर्षी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, गांधीजी गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ या त्याच कंपनीच्या बोटीने मुंबईहून निघाले, ते दुसऱ्या वर्गातून आणि आपल्या नित्याच्या पंचानिशी. ५ नोव्हेंबर रोजी बकिंगहॅम राजवाड्यातील बादशाही चहापानासही ते त्याच वेषात गेले. सोलापुरात असह्य झालेल्या खादीस राजवाड्याने दार उघडले. वेषनियम हा शिष्टाचाराचा विषय दिसला, तरी मूलतः तो सत्तेचा प्रश्न असतो, हे यावरून ध्यानी येते. मात्र तो नियम मोडल्याचे मोल राजवाड्यात नव्हे, सोलापूरच्या रस्त्यांवर द्यावे लागले.