तारेच्या ताणावरचे चाक

बैलगाडीचे चाक आऱ्यांवर उभे असते. जुन्या बुलेटचे चाक तारांच्या ताणावर टिकते. लाकडी आरा दाब सहन करतो. बारीक पोलादी तार दाबाखाली वाकेल, म्हणून ती आधीच ताणून बसवावी लागते.

ही कल्पना इंग्रज संशोधक जॉर्ज केली याने १८०८ मध्ये मांडली, तीही उडत्या यंत्राच्या चाकांसाठी! १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने सायकलच्या तारा हबमधून सरळ बाहेर न नेता तिरक्या, एकमेकींना छेदत बसवल्या. त्यामुळे हबला मिळालेला पीळ तारा न वाकवता रिमपर्यंत पोहोचू लागला. पुढे मोटारसायकलच्या मागच्या चाकाला नेमके हेच हवे होते.

म्हणूनच जुने चाक नव्याने बांधताना जाणता कारागीर ते खोलण्यापूर्वी तारांची वीण टिपून ठेवतो. गंजलेल्या तारा जातात, मूळ हब राहतो. अलॉय चाक बसवणे सोपे खरे. पण त्यासोबत स्टार्लीची युक्तीही गाडीतून निघून जाते. मग निपल थोडेथोडे आवळत आउट काढायचा. एका बाजूची तार आवळली की रिम तिकडे सरकते. घाई येथे चालत नाही. अखेरीस प्रत्येक तारेवर टिचकी मारायची. आवाज बद्द आला, तर ती तार अजून ढिली आहे.